रेवाच्या कानांपर्यंत न पोहोचलेल्या चार भाषा

"दोन्ही कानांत नव्वद डेसिबललाही प्रतिसाद नाही," डॉक्टर म्हणाले आणि संगणकाचा पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला. पडद्यावर काही जवळजवळ सपाट रेषा होत्या. माझी चार वर्षांची मुलगी रेवा मांडीवर गाढ झोपली होती. तिच्या कपाळाला आणि कानांमागे चिकटवलेल्या तारा अजून काढायच्या होत्या.

या तपासणीला 'बेरा' म्हणतात. मूल झोपलेले असताना कानात ठरावीक तीव्रतेचे आवाज सोडतात आणि श्रवणाची नस मेंदूकडे संदेश नेते की नाही, हे यंत्र नोंदवते. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप आहे. नव्वद डेसिबल म्हणजे पिठाच्या गिरणीत उभे राहिल्यासारखा आवाज. त्या आवाजातही रेवा झोपून राहिली होती, आणि औषधाने झोप छान लागली म्हणून मी समाधानात होते.

निदानाला इतका उशीर का झाला, हे सांगायला हवे, कारण आमच्या भागातील अनेक घरांत हेच घडू शकते. गुजरात सीमेजवळच्या खापर गावात बाजारपेठेलगत आमचे घर आहे. सासूबाई अहिराणी बोलतात, शेजारच्या दुकानात गुजराती चालते, अंगणात खेळायला येणारी मुले भिली बोलतात आणि मी शिक्षिका असल्याने रेवाशी मराठीतच बोलत असे. रेवा बोलत नाही, याचे कारण सर्वांना आयते सापडले होते.

"चार भाषामा गोंधळी जायेल शे पोरगी," सासूबाई म्हणायच्या. "तिन्हा बापबी उशिराच बोलना व्हता. एकदाव बोलाले लागनी का थांबाव नही."

अंगणवाडीतही हेच सांगितले गेले. रेवा हाक मारल्यावर वळत असे, हे खरे होते. पण ती जमिनीचा कंप आणि माणसांच्या सावल्या पाहून वळत होती, हे पुढे कळले.

डॉक्टरांनी निदानाचे नाव सांगितले: सेन्सॉरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे दोष कानाच्या बाहेरच्या किंवा मधल्या भागात नसून आतल्या शंखासारख्या भागात किंवा नसेत आहे. पुढचा मार्ग कॉक्लिअर इम्प्लांटचा. या शस्त्रक्रियेत आतल्या कानात एक बारीक तार बसवतात आणि ती नसेला थेट संदेश देते.

"पण नस असली तरच," डॉक्टर म्हणाले. "आधी एमआरआय करून घ्या. वय वाढत चाललंय, उशीर नको."

एमआरआय सुरतेत होणार होता. आम्ही पहाटेची गाडी धरली. भूल द्यायची असल्याने रेवाला उपाशी ठेवले होते. ती माझी पर्स उघडून बिस्किटे शोधत होती आणि तिला 'आता नको' हे कसे सांगावे, मला माहीत नव्हते. नकार कळावा इतकीही भाषा आमच्यात नव्हती.

तिला आत नेल्यावर मी बाकावर बसले. अध्यापक पदविकेच्या परीक्षेत समावेशक शिक्षणाच्या, म्हणजे सर्व मुलांनी एकत्र शिकण्याच्या, इतिहासावर मी उत्तर लिहिले होते. ते मला तिथे क्रमाने आठवू लागले. प्रथम व्यंग हे पूर्वकर्माचे फळ मानले जाई. मग दयेचा काळ आला. आश्रम निघाले, दानधर्म झाला. एकोणिसाव्या शतकात मुंबईसारख्या शहरांत वेगळ्या शाळा सुरू झाल्या. पुढे वैद्यकाने व्यंगाला दुरुस्त करण्याजोगा दोष मानले. सर्वांत शेवटी कायदा आला आणि त्याने जवळच्या शाळेत बरोबरीने शिकणे हा हक्क ठरवला.

पुस्तकात हे टप्पे एकापाठोपाठ येतात. आमच्या घरात ते एकाच वेळी नांदत होते. सासूबाईंनी नवस बोलला होता. शेजारच्या दुकानदारकाकांनी रेवाला दिसेल तेव्हा फुकट चॉकलेट द्यायला सुरुवात केली होती. नवरा वसतिगृह असलेल्या शाळेची चौकशी करत होता. आणि मी, हक्कावर पूर्ण गुण मिळवलेली, त्या बंद दाराकडे पाहून एकच मागत होते: नस असू दे.

नस नव्हती. "कॉक्लिअर नर्व्ह अप्लेझिया," तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या आणि लगेच सोपे केले, "दोन्ही बाजूंची श्रवणाची नस तयारच झालेली नाही. इम्प्लांटचा उपयोग होणार नाही." नस वगळून थेट मेंदूच्या खोडावर, म्हणजे त्याच्या मज्जारज्जूकडच्या भागावर, यंत्र बसवण्याची एक शस्त्रक्रिया असते, पण तिचा लाभ अनिश्चित आणि धोका मोठा, हेही त्यांनी लपवले नाही. आम्ही ती नाकारली.

त्यांनी आम्हाला शेजारच्या खोलीत विशेष शिक्षिकेकडे पाठवले. त्या शिक्षिकेचे वाक्य मी विसरणार नाही. "चार भाषांच्या घरात वाढून तिला अजून एकही भाषा मिळालेली नाही. आजपासून खुणांची भाषा सुरू करा, आणि आधी तुम्ही शिका."

घरी विरोध झाला. "हात हालाडत ऱ्हायनी ते तोंडथीन बोलाव नही ती कधीच," सासूबाई म्हणाल्या. ही भीती त्यांच्या एकट्यांची नव्हती. एके काळी युरोपातील शाळांनी बहिऱ्या मुलांना केवळ ओठांनी बोलायला लावले, हात बांधून ठेवले, आणि तीच पद्धत पुढे आपल्याकडेही आली. मी वाद घातला नाही. त्या शिक्षिकेकडून शिकलेली 'पाणी'ची खूण रेवाला शिकवली. तिने ती केली, पाणी मिळाले, आणि लगेच पुन्हा तीच खूण केली. तहान नव्हती. खूण केली की जग उत्तर देते का, हे ती तपासत होती.

दोन वर्षांनी शाळेचा प्रश्न आला. मी ज्या लहान शाळेत पहिलीला शिकवते, तिथेच तिला न्यावे असे मी ठरवले. मुख्याध्यापकांनी मला बसवून घेतले.

"मॅडम, कायदा मलाही माहीत आहे," ते म्हणाले. "पण पूर्वीच्या शाळेत असा एक मुलगा मी पाहिलाय. चार वर्षं मागच्या रांगेत बसला. कुणी त्रास दिला नाही, कुणी बोललंही नाही. आला तसाच गेला. रेवाचं तसं करायचंय का?"

वर्गात कुणालाच तिची भाषा येत नसेल, तर एकाच खोलीत राहूनही तिची शाळा वेगळीच राहणार होती. मी एक महिना मागितला. त्यानंतरही ती एकटी पडली, तर वसतिगृहाच्या शाळेत पाठवीन, असा शब्द दिला. तो महिना मी नीट झोपले नाही.

मी परिपाठानंतर रोज थोडा वेळ सर्वांनाच खुणा शिकवू लागले. प्रत्येकाला खुणेचे नाव, म्हणजे हाक मारण्याऐवजी करायची एक खूण, ठेवण्याचे काम रेवाकडे दिले. वर्गातल्या सागरचे नाव तिने मनगटाने नाक पुसून ठेवले.

"मॅडम, मन्हं नाव बदलाले सांगा ना तिले," तो रडवेला झाला.

"आगोदर नाक पुस, मंग बदली दी ती," मागून कुणीतरी म्हणाले.

जी घरे अशा निदानासमोर उभी आहेत, त्यांना माझे दोनच शब्द आहेत. मूल बोलत नसेल तर कारण शोधत बसू नका, कानांची तपासणी करा. आणि उपचार होवो वा न होवो, भाषेला एक दिवसही थांबवू नका. त्या विशेष शिक्षिकेचे ऋण माझ्यावर आहे, तसेच मुख्याध्यापकांचेही, कारण त्यांनी खरी भीती मला बोलून दाखवली.

महिना संपला त्या दिवशी मुख्याध्यापक वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. मुले चटईवर गोल करून बसली होती. रेवाने त्यांच्याकडे पाहून भराभर हात हलवले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सागरकडे बोट दाखवले.

"काय म्हणतेय ही?" त्यांनी सागरला विचारले.

"सर, ती विचारी ऱ्हायनी," सागर म्हणाला, "तुम्ही बठशात का उभाच ऱ्हाशात?"

सरांनी चपला दाराशी काढल्या. मुलांनी सरकून जागा केली, आणि ते बसले.