चोवीसपैकी एकोणीस

गणिताचे मास्तर निवृत्त झाले आणि शेअर बाजारात शिरले. आयुष्यभर पोरांच्या चुका काढल्या, आता स्वतः चुका करायला भरपूर वेळ मिळाला होता. वर्तमानपत्र वाचून आपल्याला बाजार कळतो, असा त्यांचा पक्का समज होता.

त्यांची सगळी भिस्त एका औषध कंपनीवर होती. रोग्याच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि पुन्हा अंगात सोडायच्या, असा तिचा उपचार. "म्हणजे शिकवणीच की," मास्तर वाचनालयातल्या मित्रमंडळाला सांगत. "आपल्याच धंद्यातली कंपनी."

ही कंपनी त्यांना कळली वहिनीमुळे. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि या उपचाराच्या चाचणीत जे चोवीस रोगी होते, त्यांत ती एक होती. आईमागे मास्तरांना तिनेच वाढवलं होतं. ती वाचेल ना, या काळजीने त्यांचा जीव टांगणीला लागला होता. पण स्वारी मुळात लबाड. दर रविवारी जाऊन वहिनीला विचारायचे, "भूक लागते ना? जिना चढवतो ना?" आणि सोमवारी मित्रमंडळात भाकीत करायचे. वहिनीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं की मास्तर आणखी शेअर घेत. यात माया किती आणि संशोधन किती, हे उदाहरण त्यांनी कधी सोडवायला घेतलं नाही.

अखेर निकाल जाहीर झाले. चोवीसपैकी एकोणीस जणांत रोगाचा मागमूस उरला नव्हता. मास्तरांनी लगेच हिशेब केला, एकोणऐंशी पूर्णांक सतरा शतांश टक्के. वर्गात कुणाला एवढे टक्के पडले असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. पण गुंतवणूकदार नव्वदची आस धरून बसले होते. दुपारपर्यंत शेअर निम्म्यावर आला आणि भाकितावर विसंबून पैसे लावलेलं मित्रमंडळ मास्तरांशी बोलेनासं झालं.

संध्याकाळी ते वहिनीकडे गेले, चार समजुतीचे शब्द ऐकायला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांचा चेहरा पाहून तिचा हात थांबला.

"भावजी, डॉक्टर तुम्हाला काही वेगळं बोलले का?"

"डॉक्टर? छे."

"मग तोंड असं का उतरलंय? माझं परत उलटलं का? खरं काय ते सांगा."

मास्तर ओशाळले. त्यांनी सगळं सांगून टाकलं, शेअर पडल्याचं आणि रविवारच्या चौकशांचंही. वहिनी ऐकत राहिली.

"म्हणजे निकाल वाचलात तुम्ही."

"चाळीस पानं. दोनदा."

"मग मी कुठे आहे त्यात? एकोणिसात की पाचात?"

एकोणिसाला चोविसाने भागून झालं होतं, शंभराने गुणून झालं होतं, पण हा प्रश्न मास्तरांना पडलाच नव्हता.

"एकोणिसात," वहिनी म्हणाली. "परवाच कळलं. पहिला फोन तुम्हाला केला, ह्यांच्याही आधी. तासभर लागतच नव्हता. मग म्हटलं, याल तेव्हा सांगू."

परवा तो तासभर मास्तर शेअर दलालाशी बोलत होते. ते मटकन खुर्चीत बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. वहिनीने जवळ येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पैशांचं एवढं काय मनाला लावून घेताय," ती म्हणाली. "परत मिळतील."

मास्तरांना मान वर करवेना.