समेटाचं जेवण

अमेरिकेत, मॉरिसव्हिलला माझ्या घरी शनिवारी आम्ही काही बायका जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायचो. त्यांत बाप गेला की घर कुणा चुलतभावाचं, म्हणून मुलींनी वेळेवर नवरा गाठायचा. "बिचाऱ्यांना नवरा हीच नोकरी," मी म्हणाले. सगळ्या हसल्या. नागपूरची एक जण हसली नाही. ती तिकडे डेंटिस्ट होती. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यावर काम करता येत नाही म्हणून घरी बसलेली.

"मग काकू, माझं काय वेगळं आहे? त्यांना निदान आईचं घर तरी त्याच गावात होतं."

"अगं, तुझा नवरा किती शांत!"

"शांतच आहे. शांतपणे सांगतो, सोडून गेलीस तर तुझा व्हिसा संपला. मुलगी इथली सिटिझन, ती इथेच राहील."

बाकीच्या गेल्यावर ती मागे थांबली. "वकिलाशी बोललेय. मुलीला घेऊन थोडे दिवस तुमच्याकडे येऊ? पण त्याला आत्ता कळायला नको." मी हो म्हटलं.

आणि सोमवारी त्याला फोन केला. इथे कुणाचंच सासर-माहेर जवळ नाही. दोघांचं बिनसलं की आमच्यासारखे काका-काकू जेवायला बोलावतात, समजूत घालतात. अशी कितीतरी जोडपी मी गोड खाऊ घालून घरी पाठवली होती. त्याचा मला अभिमान होता. "वकिलापर्यंत जाऊ देऊ नकोस रे," मी त्याला म्हणाले.

मी बोलावल्यावर तिघंही जेवायला आली. तो वाकून पाया पडला. "काकू, तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. आईसारख्या आहात अगदी." तिने माझ्याकडे पाहिलं, मग सोफ्यावर टॅबलेट बघत बसलेल्या मुलीकडे.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "दिवाळीला नागपूरला जाऊ या. मुलीची सुट्टी मी टाकलीय."

"बघ! घे, अजून थोडं श्रीखंड घे," मी म्हणाले.

"नको, काकू."

मुलगी जाणार म्हणून ती गेली. दिवाळीनंतर तो मुलीला घेऊन परतला, बायकोशिवाय. तिच्या व्हिसाची मुदत संपली होती. परत यायला पासपोर्टवर नवा शिक्का हवा, त्याला नवऱ्याचे कागद लागतात. ते त्याने दिले नाहीत. तिचे फोन येत राहिले. हेतू चांगला होता, असं मी स्वतःला सांगत होते, आणि फोन उचलत नव्हते. मग ते थांबले.

गेल्या रविवारी मराठी शाळेत मुलगी दिसली. "आई कशी आहे गं?"

"शी इज इन इंडिया. शी लाइक्स इट देअर. डॅडी सेड." आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. हे खरं का, असंच ती विचारत होती. दारात तो उभा होता. त्याने हसून नमस्कार केला.

"हो गं बाळा," मी म्हणाले.