हिशेब जेट्टीवरच वाचायचा

चार माणसं चांगलं काम करायला एकत्र आली की किस्से साठतातच, भरतीनंतर पायऱ्यांवर गाळ साठतो तसे. वेळेवर काढले नाहीत तर पाय घसरतो. म्हणून काढते.

भांडुपला खाडीच्या काठावर आमची छोटी संस्था आहे. तिवरांच्या जंगलात चोरून बांधकामाच्या डेब्रिजचा भराव पडतो. तिवरं मरतात, पाठोपाठ मासळी जाते. त्याविरुद्ध आम्ही कोर्टात उभे आहोत. मुलुंडचे प्रधान सर, कॉलेजातून रिटायर झालेले, आमचे अध्यक्ष. वकील वैशाली, इथल्याच बुद्धविहारामागच्या चाळीतली. आणि खजिनदार मी. उभा जन्म मासळी विकली. शाळा बाहेरून पाहिली, अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून शिकले. खजिनदार कोण होणार असं विचारलं तेव्हा सगळे खाली बघत होते. मी समोर बघत होते!

* * *

आमच्या कोळीवाड्यात बोट लागली की मासळीचे वाटे किनाऱ्यावरच पडतात, सगळ्यांच्या देखत. घरात नेऊन वाटा पाडला तो चोर. मी म्हटलं, संस्थेचा हिशेबही तसाच. महिन्यातून एकदा जेट्टीवर मोठ्याने वाचायचा. कोणी दिले, कशातून दिले, कुठे गेले. परत केले तर का केले, तेसुद्धा.

सर म्हणाले, "बाई, आपलं ऑडिट होतं ना दरवर्षी?"

"ते सरकारसाठी. हे ज्यांची खाडी आहे त्यांच्यासाठी."

पहिल्याच वाचनाला, जाळं विणत बसलेला धर्मा म्हातारा ओरडला, "एवढा चाय कोण प्यायला रे?"

मग आमच्या अध्यक्षांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

* * *

एकदा कोर्टाच्या तारखेला सर रिक्षाने गेले. मी खर्च नामंजूर केला. नियम एकच, भाडं बसचं, तेही तिकीट दाखवून.

"अहो, माझा गुडघा..."

"गुडघा तुमचा, पैसे लोकांचे."

वैशाली चिडली. "आजी, थोडी माणुसकी ठेवा ना!"

"माणुसकी मी माझ्या कनवटीच्या पैशांनी करते, संस्थेच्या नाही," म्हटलं आणि रिक्षाचे पैसे स्वतःचे काढून सरांपुढे ठेवले. सरांनी घेतले नाहीत.

पुढच्या तारखेनंतर आले, बसचं तिकीट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "बाई, जाता-येता उभा होतो. त्याची कुठे नोंद होते का?"

केली मी नोंद. जेट्टीवर वाचलीसुद्धा. कोणी हसलं नाही.

* * *

गोरेगावची एक कंपनी तिवरांची रोपं लावायला आली. नवे कोरे टी-शर्ट, बॅनर, ड्रोन कॅमेरा. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला तशी मंडळी एकेक करून वर. त्यांची मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, रिपोर्टमध्ये हजार रोपं लिहा ना. चेक त्या हिशेबानेच काढलाय."

"लावली किती?"

"अहो, राउंड फिगर असते ती!"

"मग चला, उतरू परत. तुम्ही लावा, मी मोजते."

मॅडमने आधी आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं, मग खाडीकडे. चेक पर्समध्ये परत गेला.

त्या चेकमधून वैशालीची फी निघणार होती. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आजी, मान तुमची ताठ राहते. त्याचे पैसे माझ्या घरातून जातात."

खरं होतं ते. तेव्हापासून दर महिन्याला मी वाचते, "वकिलाची फी, बाकी." ती मान खाली घालून ऐकते आणि तारखेला हजर असते.

* * *

मग वैशालीनेच सांगितलं, "फोटो आहेत, पंचनामा आहे. पण भराव कोणाच्या सांगण्यावरून पडतो, हे कोर्टात बोलणारा एक माणूस पाहिजे. नाहीतर केस गेली समजा."

असं कोण सांगणार? डंपरवाला. आणि तो बोलला की नोकरी गेली. हातपाय जागेवर राहतील का, तेही सांगता येत नाही.

माझा मुलगा भास्कर डंपर चालवतो. मासळी संपली, बोट विकली, दोन पोरी शाळेत. करणार काय? एक दिवस जेवता जेवता त्याने पाचशेची नोट माझ्यापुढे ठेवली.

"आये, संस्थेत घाल."

"कशातून?"

"पगारातून."

"डंपर खाली कुठं होतो?"

तो उठून हात धुवायला गेला.

त्या महिन्यात जेट्टीवर वाचलं, "भास्कर, माझा मुलगा. पाचशे रुपये. परत."

मागून भास्करच ओरडला, "का परत, ते पण वाच ना! नियम तुझाच हाय ना, आये?"

नियम माझाच होता.

"तिवरांवर भराव टाकून मिळालेले," मी वाचलं.

आवाज नेहमीचाच लावला. धर्माने हातातली सुई खाली ठेवली. भास्कर निघून गेला. त्यानंतर तो माझ्या हातचं जेवला नाही. पोरी ताट घेऊन जायच्या, तसंच परत आणायच्या.

* * *

पुढच्या महिन्याचं वाचन. चहा, झेरॉक्स, वकिलाची फी बाकी. सगळं वाचून झालं. नेहमीसारखं विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?"

"मला."

जाळ्यांच्या ढिगामागे भास्कर उभा होता.

"साक्षीदाराला कोर्टात जायचं भाडं संस्था देते काय?"

वैशाली ताडकन उभी राहिली. सर माझ्या तोंडाकडे बघायला लागले. धर्मा, बायका, पोरंटोरं, सगळी जेट्टी माझ्याकडे बघत होती.

मी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"बसचं," मी म्हटलं. "आणि तिकीट आणायचं!"