ब्रह्मपुरीच्या बारमागची राणी

"बाईमाणसानं एकटीनं झाडीपट्टीत जायचं नसतं," असं ऑफिसातल्या तिघांनी बजावलं, म्हणून मी गेले. ही ऐंशीच्या दशकातली, पूर्व विदर्भातली गोष्ट. आता निवृत्त आहे, कोणाची भीड उरलेली नाही, म्हणून लिहिते.

नागपूरहून नागभीडपर्यंत नॅरोगेज, पुढे ब्रह्मपुरीला एसटी. लॉज स्वस्त, उशी दगडासारखी. जेवायला भात आणि वैनगंगेच्या मासळीचा रस्सा. तो चुकवू नका.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी लॉजवाल्या यमुनाबाई म्हणाल्या, "चला बाई, समोर माह्या भावाच्या बारात. आज लुगडंवाले येतेत."

दर आठवड्याला बाजार उठला की बारमागच्या अंगणात आसपासच्या गावांतले काही पुरुष साडी नेसून नाचत. बाकावर दोन शिक्षक हातात हात घालून बसले होते. आपल्या गावात ते एकमेकांकडे बघतही नसत म्हणे.

त्या नाचणाऱ्यांतली देवकी म्हणजे एरवी भातशेती करणारा देवाजी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, तिथे दंडार होते; नाटक-नाच सगळं पुरुषांचं. देवकी त्यातली राणी. राणीचं लुगडं दंडारीच्या म्होरक्याच्या घरून मिळतं, तो मोठा मान. तेच लुगडं तिच्या अंगावर होतं, आणि म्होरक्या सदाभाऊ दारात येऊन उभे राहिले.

"देवाजी, हे माह्या बायकोचं लुगडं आहे. इथी नाचला त मंडईत राणी दुसरा."

"मंडईत नेसलं त कला, इथी नेसलं त पाप काऊन, भाऊ?"

"तिथी सोंग असते. इथी तू खरंच..."

"हो. खरंच."

तिनं लुगडं सोडलं, नीट घडी घालून सदाभाऊंच्या हातावर ठेवलं आणि परकर-पोलक्यात उभी राहिली. कोणीतरी फिदीफिदी हसलं. माझं डोकं फिरलं.

"कॉन्व्हेंटात मी दरवर्षी नाताळच्या नाटकात काजळाची दाढी रंगवून जोसेफ व्हायचे," मी सदाभाऊंना म्हटलं. "एकाही ननचा धर्म बुडाला नाही. तुमचा बुडत असेल तर घरी जा!"

लॉजवर जाऊन माझी निळी इरकल आणली.

"फाटन ना जी, बाई."

"फाटू दे."

ती नाचली. सदाभाऊ घडी हातात धरून शेवटपर्यंत दारातच उभे होते.

घरी नवऱ्यानं विचारलं, इरकल कुठे? "नाचते आहे," म्हटलं.

त्या वर्षी मंडईत राणी दुसरा झाला. पुढच्या खेपांना कळत गेलं की देवकीला पुन्हा कधी ते काम मिळालं नाही. बाजाराच्या संध्याकाळी मात्र ती नाचत राहिली. माझा राग अजून गेलेला नाही.

तिकडे जाणार असाल तर दंडार जरूर बघा, राणीला टाळ्या वाजवा. आणि दुसऱ्या दिवशी तीच राणी साडी नेसून एसटीत चढली, तर सरकून जागा द्या.