पाच ठिपक्यांचं जालक

हंगेरीतल्या सेगेदच्या विद्यापीठात सेंदी एटेल्का बीजगणित शिकवायची. जीव मात्र जालकांत. जालक म्हणजे रेषांनी जोडलेले ठिपके, काही वर, काही खाली. त्यांतले कुठलेही दोन घ्या, त्यांच्या भेटीची एक नेमकी जागा वर सापडते आणि एक खाली. अशा रचनांत कुठली समीकरणं कायम खरी ठरतात, आणि त्यांतून पुढे काय निघतं, हाच तिचा ध्यास. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "सवड कुठंय?"

विभागप्रमुख ऑर्बोक यांचा एक सिद्धान्त गाजलेला होता. अमुक एक समीकरण पाळणारं जालक 'मॉड्युलर' असतंच, म्हणजे त्यात एक ठरावीक नियम कधी मोडत नाही. एटेल्काची धाकटी सहकारी विल्मा कित्येक वर्षं त्याच पायावर प्रबंध रचत होती.

एका हिवाळ्यात वर्गासाठी उदाहरण जुळवताना एटेल्काने पाच ठिपक्यांचं जालक घेतलं. एका अंगाला दोन, दुसऱ्या अंगाला एक, वर-खाली टोकं. हे मॉड्युलर नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक. पण ऑर्बोकांचं समीकरण त्यात सगळीकडे खरं निघालं. तिने पुन्हा पुन्हा तपासलं. सिद्धान्त खोटा होता.

ती त्यांच्या खोलीत गेली. त्यांनी नेहमीसारखं वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. मिशा ओल्या, मासळीच्या रश्श्याचा नि पालिंका या फळांच्या दारूचा वास. तिने हात स्कर्टला पुसला आणि आकृती पुढे केली.

"हां, हे होय," ते हसले. "मला गेल्या उन्हाळ्यापासूनच माहीत आहे."

"माहीत आहे? आणि विल्मा?"

"कष्टाळू पोरगी आहे, करू दे की! माझा सत्कार एकदा पार पडू दे, मग हळूच सांगू."

तिथून एटेल्का तडक विल्माकडे गेली आणि सगळं सांगितलं. विल्मा पांढरीफटक पडली.

विभागाच्या पुढच्याच बैठकीत एटेल्काने फळ्यावर ते पाच ठिपके काढले. ऑर्बोक सावकाश उठले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "ही शंका मीच एटेल्काला सुचवली होती. शास्त्रज्ञाने स्वतःची चूक स्वतः शोधावी." टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात विल्माने वाजवल्या.

बाहेर एटेल्काने तिला अडवलं. "तुला खरं काय ते माहीत होतं ना गं?"

"माहीत होतं. पण नव्या विषयावर सही त्यांचीच लागणार. आणि तुला एवढा उमाळा कशाला आला होता? गप्प बसली असतीस तर माझा प्रबंध तरी पार पडला असता."

ऑर्बोकांची किळस एटेल्काला जुनीच होती. ही नवी होती, आणि जास्त आत गेली. त्या माणसाने विल्माची वर्षं खाल्ली होती, आणि विल्मा त्याच्याच ताटाशी बसायला निघाली होती.

वर्ष संपताच एटेल्काने राजीनामा दिला आणि माको गावच्या शाळेत नोकरी धरली. पुढे ऑर्बोकांचा लेख छापून आला. पाच ठिपके त्यांच्या नावावर होते, आणि तळाशी 'आकृती रेखाटल्याबद्दल' तिचे आभार. वाचून ती हसली नाही, रडलीही नाही. नळाखाली हात धरून उभी राहिली.

पुढे एका रविवारी विल्मा केक घेऊन दारात आली. "एटेल्का, मी आता डॉक्टर झाले!"

"झालीस ना? मग जा," एटेल्का म्हणाली, आणि दार लावून घेतलं.