काकाजींची मागची पायरी

काकाजी बसमध्ये चढणाऱ्या माणसाचं तोंड कधी बघत नसत. ते गुडघा बघत. सुटीच्या दिवशी सदर भागातल्या बसथांब्यावर जाऊन उभे राहायचे. बस आली तरी चढायचे नाहीत. मागच्या दाराशी कोणाचा गुडघा किती वर येतो, कोण दांडा धरून स्वतःला ओढून घेतं, कोण एकाच पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची चढतं, एवढंच बघत राहायचे. एकदा एका बाईच्या नवऱ्याने त्यांना हटकलं. बायकांच्या पायांकडे काय बघता म्हणून आवाज चढवला. काकाजींनी खिशातून टेप काढला आणि त्याच्या हातात दिला. म्हणाले, "भाऊ, तूच मोज. तुह्या बायकोले ही पायरी चार सूत उंच होऊन राहिली." तो माणूस टेप हातात घेऊन उभाच राहिला, आणि तेवढ्यात त्याची बस निघून गेली.

हिंगणा रोडवरच्या एका कारखान्यात काकाजी मुख्य मिस्त्री होते. मोटार कंपनीकडून आमच्याकडे नुसती चासी यायची, म्हणजे चाकं, इंजिन आणि लोखंडी चौकट. ना छत, ना काच. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला ड्रायव्हर उघड्यावर बसून ती शेकडो मैल चालवत आणायचा. त्या चौकटीवर आम्ही बस उभी करायचो. शहरात धावणाऱ्या लाल बसमध्ये माणूस जिथे बसतो, जे धरतो, जिथून बाहेर बघतो, ते सगळं काकाजींच्या हातचं होतं. त्यांचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं. बाकी सगळे त्यांना काकाजीच म्हणत, आणि ते नसताना पायरीवाले काकाजी.

मी तिथे लागले तेव्हा नुकतीच पदवी हातात आली होती. आमच्या घरातली पहिली पदवी. आई भिवापूरला मिरचीची देठं खुडायच्या कामावर जायची, बाबा बाजारात हमाली करायचे. मी बस बनवणार म्हटल्यावर आईला वाटलं, मी कंडक्टर झाले. कारखान्यात मी एकटीच मुलगी, आणि पहिले पंधरा दिवस कोणी मला कामच सांगेना. शेवटी काकाजींनी हाक मारली, "इंजिनीअरबाई, इकडं ये वं. हा गुनिया धर, सरळ धर, अन् काही समजलं नाही तर इचारजो. इचारणाऱ्याले मी कधी हासत नाही." गुनिया म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. आज मी जी काही आहे ती त्या गुनिया धरण्यातून झाले. हे मी नम्रतेने म्हणत नाही, तसंच आहे.

काकाजी चौथीपर्यंत शिकलेले. त्यांचं माप इंच आणि सूत, आठ सुतांचा एक इंच. नकाशा त्यांनी कधी काढला नाही. प्रत्येक भागाचा प्लायवूडचा फर्मा, म्हणजे मापाचा साचा, कापून ते शेडच्या भिंतीला टांगून ठेवायचे. ती भिंत म्हणजे आमच्या बसचा सगळा इतिहास होता. सर्वांत खालचे फर्मे काळे पडलेले, सागवानी चौकटीच्या दिवसांतले. त्यावर लोखंडी पाइपचे. मग सरकत्या काचांचे. एका फर्म्याला खाली अर्धा इंच जोड दिलेला होता, कारण उभ्या माणसाला खिडकीतून थांबा दिसत नाही, वाकावं लागतं, अशी तक्रार त्यांनी स्वतःच बसमध्ये ऐकली होती. दुसऱ्याचा कोपरा गोल केलेला, कारण तिथे कंडक्टरची पिशवी अडकायची. कोणी अर्ज केला नव्हता, कोणी आदेश दिला नव्हता. ते बसमध्ये बसून यायचे आणि दुसऱ्या दिवशी फर्मा घासायला घ्यायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "रिकामी गाडी खोटं बोलते." म्हणून बस रंगायला जाण्याआधी ते तिच्यात वाळूची पोती भरायला लावत आणि मग शेड झाडणाऱ्या सुमनबाईंना बोलावत. सुमनबाई साठीच्या आसपासच्या, नऊवारी नेसणाऱ्या, वजनदार. त्यांच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेली बादली द्यायची आणि मागच्या दाराने चढायला सांगायचं. पाणी सांडलं की पायरी नापास. वेल्डिंग तोडून पुन्हा. सुमनबाई दर वेळी कुरकुरायच्या, "काकाजी, तुमच्या गाड्या पास करता करता माह्या गुडघ्याची वाटी घासली. पेन्शन तुमीच देजा आता." आणि तरी त्या पदर खोचून, ओठ घट्ट मिटून, परीक्षेला बसल्यासारख्या चढायच्या. मी सुरुवातीला हसायचे. कॉलेजात असल्या चाचणीचा धडा नव्हता.

मग नियम आला. शेडमध्ये अंदाजाने बस बांधायची नाही. प्रत्येक नमुन्याचा नकाशा सरकारमान्य तपासणी संस्थेकडे पाठवायचा, तिथे तो मंजूर व्हायचा, आणि त्यानंतरची प्रत्येक बस त्या नकाशाबरहुकूम असली पाहिजे. नियम चांगलाच होता. कुठे कुठे लोक काहीच्या काही बांधत होते, अपघातात छतं चेपत होती. पण मंजुरी नसेल तर शहराची ऑर्डर नाही, आणि ऑर्डर नसेल तर कारखाना बंद. शेठनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की काकाजींची बस कागदावर आण. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता. ज्या माणसाने मला उभं केलं, त्याचं काम मी कायमचं करून ठेवणार होते.

तीन महिने मी एक तयार बस आतून बाहेरून मोजली. हाताने बांधलेली बस ती. डाव्या खिडकीचा खांब उजव्यापेक्षा दोन सूत पुढे, एका सीटचं अंतर दुसऱ्यापेक्षा सूतभर कमी. अशा ठिकाणी मी मधलं माप धरत गेले आणि संगणकावर सगळं सरळ, सारखं होत गेलं. ते बघून मला फार समाधान वाटायचं. मागच्या दाराची पहिली पायरी पुढच्या दारापेक्षा दीड इंच खाली भरली. दीड इंच म्हणजे मोठी चूक, असं माझ्या मनात आलं. काकाजींच्या हातून ती कशी झाली याचं थोडं वाईटही वाटलं, आणि त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून मी काही न बोलता दोन्ही पायऱ्या सारख्या केल्या.

विचारणाऱ्याला हसत नाही, असं सांगणारा माणूस पन्नास पावलांवर चहा पीत बसला होता. मी विचारलं नाही.

नकाशा झाल्यावर मी त्यांना पडद्यावर दाखवला. मिलिमीटरमधले आकडे त्यांना लागत नव्हते. बराच वेळ बघून म्हणाले, "दिसून तर मस्त राहिली वं. सगळं घेतलं नं?" मी म्हटलं, सगळं घेतलं. मंजुरी आली त्या दिवशी शेठनी संत्रा बर्फी वाटली, शहराची मोठी ऑर्डर मिळाली, आणि काकाजींनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं की ही पोरगी नसती तर आपला कारखाना गेला होता.

आता भाग बाहेरून यंत्रावर कापून येऊ लागले, माझ्या नकाशावरून. पहिली बस उभी राहिली. पोती भरली. सुमनबाई बादली घेऊन मागच्या दाराशी गेल्या, पाय उचलला, पायरीला अंगठा लागला आणि अर्धी बादली त्यांच्याच लुगड्यावर सांडली. सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. त्यांनी टेप लावला. पुढच्या दाराला लावला, पुन्हा मागे येऊन लावला.

"ही मागची कोणं वर केली?"

मी पुढे झाले. दोन्ही वेगवेगळ्या होत्या, म्हणून सारख्या केल्या, असं सांगितलं. सांगत होते तेव्हा सुमनबाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या बघण्यावरून कळलं की मागची मुद्दाम खाली होती हे त्यांना माहीत होतं, वेल्डरला माहीत होतं, फाटकावरच्या चहावाल्यालाही माहीत असावं.

काकाजी ओरडले नाहीत. बसच्या पायरीवर बसले आणि मला समजावून सांगू लागले, जणू नेहमीसारखं मीच काही विचारलं होतं. "पोरी, मागून लोक चढतेत. चढणाऱ्याच्या एका हातात पिशवी असते, दुसऱ्या हातात लेकरू. दांडा धराले हात कोठी राह्यते? अन् मागून गर्दी लोटून राहिली असते. उतरणाऱ्याचं काय, त्याले त्याचं वजनच उतरवते." मग त्यांनी सांगितलं की दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या म्हाताऱ्या बायांना चढताना बघून त्यांनी ही पायरी खाली घेतली. आधी एक इंच घेतली, पुरली नाही. दोन इंच घेतली तर महाल भागातल्या गतिरोधकांना घासू लागली. मग दीड. आणि तेवढा फरक वरच्या दोन पायऱ्यांत असा वाटून दिला की कोणाच्या लक्षातही येऊ नये. माझ्या मात्र आला होता.

आम्ही दोघं शेठकडे गेलो. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, काकाजींना खुर्ची दिली आणि मंजुरीचा कागद समोर ठेवला. एक माप बदललं तरी पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी, महिनोन्महिने. तोवर ऑर्डर हातची जाणार. तपासनीस हा नकाशा आणि टेप घेऊन येतो, मी काय करू काकाजी, असं ते म्हणाले. पुढच्या नमुन्यात करू म्हणाले. मी तरीही दुरुस्तीचा अर्ज लिहिला. उत्तर आलं, सभ्य आणि स्पष्ट. मंजूर नमुना सर्व निकषांत बसतो, बदल हवा असल्यास नव्याने अर्ज करावा. खरंच, माझी पायरी नियमात बसत होती. चूक कुठेच नव्हती, म्हणून ती दुरुस्तही होत नव्हती.

त्या ऑर्डरच्या सगळ्या बसगाड्या काकाजींनी बांधल्या. एकेक पायरी स्वतःच्या देखरेखीत बसवून घेतली, गुनिया लावून, माझ्या नकाशाप्रमाणे. मधल्या एका बसला त्यांनी मागच्या दारात एक जास्तीचा दांडा लावला, खाली, लेकरू कडेवर असलं तरी कोपर अडकवता येईल असा. तपासनीसाने तो नकाशात नाही म्हणून काढायला लावला. काकाजींनी स्वतः काढला आणि वेल्डिंगची खूण घासून गुळगुळीत केली. सुमनबाईंना बादली घेऊन त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही. एकदा सुमनबाईच येऊन म्हणाल्या, "काहून जी, मी आता नापास झाली का?" काकाजी म्हणाले, "तू नाही वं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचा नमुना आलाच नाही. शहराने नंतर कंपनीत पूर्ण तयार झालेल्या बसगाड्या घ्यायचं ठरवलं, आणि आमच्यासारख्या शेडला कामच उरलं नाही. भिंतीवरचे फर्मे थंडीत चौकीदाराच्या शेकोटीला गेले. मला बस आगारात अभियंता म्हणून नोकरी लागली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं की अख्ख्या बसचा मंजूर नकाशा तुम्ही एकटीने केला? मी हो म्हटलं. त्याच नकाशावर मला नोकरी मिळाली, त्याच नोकरीवर भिवापूरचं घर पक्कं झालं, भावाचं शिक्षण झालं.

आणि रोज सकाळी त्या बसगाड्या माझ्यासमोरून आगाराबाहेर जात. एका थांब्यावर माझ्या डोळ्यांदेखत एक बाई मागच्या पायरीवरून घसरली. फार लागलं नाही. उठली, नडगी चोळली, लुगडं झटकलं आणि ड्रायव्हरला अस्सल शिव्या दिल्या. ड्रायव्हर बिचारा, आपलं काय चुकलं ते न कळून, ऐकत राहिला. मी पाच हातांवर उभी होते.

काकाजी वारले त्याच्या चार महिने आधीची गोष्ट. त्या बसगाड्यांचं आयुष्य संपून त्या भंगारात निघाल्या होत्या आणि विजेवर चालणाऱ्या नव्या बसगाड्या आल्या होत्या. काकाजी तेव्हा मनीषनगरला मुलाकडे असत. मी त्यांना नवी बस दाखवायला घेऊन गेले. बस थांब्याला चिकटून उभी राहिली, दार उघडलं. काकाजींनी सवयीने पाय चांगला वर उचलला, आणि तो पाय हवेतून खाली आला. पायरी नव्हतीच. फुटपाथवरून सरळ आत, घरात शिरावं तसं. मी त्यांचा दंड धरला म्हणून ते सावरले.

ते खिडकीशी बसले. मग मीच धीर करून म्हटलं, "काकाजी, ती मागची पायरी. मी तेव्हा विचारायला पाहिजे होतं." इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोलत होते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, पण ते ऐकत होते असं वाटलं नाही. त्यांची नजर दाराकडे होती. एक म्हातारी हातात पिशवी घेऊन सहज आत येत होती.

"मी जनमभर दीड इंचाले धरून बसलो वं," ते म्हणाले. "यायनं अख्खी पायरीच काढून टाकली. हे मले काहून नाही सुचलं?"

याचं उत्तर मला येत होतं. चासी कंपनीतूनच तेवढी उंच यायची, इंजिन पुढे, चाकांना जोडणारी धुरा खाली, ती चौकट खाली आणणं आमच्या शेडमध्ये कोणाच्याच हातात नव्हतं. हे त्यांना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. आणि मग आठवलं की हे सगळं मला त्यांनीच शिकवलं होतं, चासीखाली शेजारी आडवं होऊन, एकेका भागावर बोट ठेवून. ते विसरले नव्हते. त्यांना उत्तर नको होतं.

बस पुढे निघाली. काकाजी प्रत्येक थांब्यावर दाराकडे बघत होते, आणि मी त्यांच्या शेजारी बसून होते.