कुठे उभा आहेस?

"आधी फोन, मग बाटली. झाकण फिरवल्यावर केलास तर मी उचलणार नाही, सांगून ठेवतो." प्रत्येक नव्या माणसाला काका हे ऐकवत आणि ऐकवताना आपल्या जुन्या, बटणांच्या मोबाइलवर बोटानं दोनदा टकटक करत. स्वतःचं नाव सांगत नसत. आमच्या गटात आडनावाची चौकशी होत नाही. आणि भोपाळात भेटलेल्या मराठी माणसाला आडनाव, गाव न विचारता राहणं आपल्याला किती जड जातं, ते तुम्हाला मी काय सांगू!

मी सरकारी कारकून, तुलसी नगरच्या क्वार्टरात राहणारा. बायकोनं माहेरी नागपूरला जायची बॅग दुसऱ्यांदा भरली, त्याच दिवशी ऑफिसात डबा उघडला तर पोळ्यांखाली तिच्या हातची चिठ्ठी निघाली. कोटरा सुल्तानाबाद, एका शाळेचा पत्ता, गुरुवार-रविवार, संध्याकाळी सहा. बाकी एक अक्षर नाही. शेजारच्या वहिनींना आम्ही योगासनांचा क्लास लावल्याचं सांगितलं. महिन्याभरानं त्या म्हणाल्या, "योगानं तुमच्या तोंडाचा वास गेला हो, भाऊजी."

पहिल्या संध्याकाळी मी त्या शाळेच्या गेटावरून तीनदा सरळ पुढे निघून गेलो. गेटात एक वाळका म्हातारा उभा होता. "तिसरी चक्कर झाली," तो म्हणाला. "आता आत ये. खुर्च्या मांडायला माणूस नाही." हेच काका. पितोस का, किती, कधीपासून, काही म्हणून विचारलं नाही. वर्ग बालवाडीचा, खुर्च्या लाल-पिवळ्या, वीतभर उंच. त्यांवर आम्ही दहा-बारा थोराड बापे गुडघे हनुवटीला टेकवून बसायचो आणि आपण काय काय घालवलं ते पाळीपाळीनं सांगायचो. आधी हसू यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या माणसाचं ऐकेपर्यंत ते कुठच्या कुठे जायचं.

काका कारखान्यातले निवृत्त फिटर. अकरा वर्षं थेंब नाही. त्याबद्दल कुणी टाळ्या वाजवल्या की चिडत. "टाळ्या कसल्या वाजवता? बायको होती तोवर सुटली नाही, ती गेली आणि सुटली. शुद्धीतला मी तिला ठाऊकच नव्हतो." मग तेच उठून खुर्च्या एकात एक घालायला लागायचे.

फोन केला तर उपदेश नाही. तीन ठरलेले प्रश्न. जेवलास का? कुठे उभा आहेस? घरी कोण आहे? एकदा पगाराच्या संध्याकाळी मी फोन लावला.

"कुठे उभा आहेस?"

"दुकानासमोर."

"हलू नकोस. फक्त दुकानाकडे पाठ कर."

लोकांची ये-जा चालू, आणि मी शिक्षा केलेल्या पोरासारखा दुकानाकडे पाठ करून उभा. अर्ध्या तासात काका बसनं आले, घामाघूम. मला ओढत नेऊन दोन कचोऱ्या खायला घातल्या. "पोट भरलं की ती निम्मी हरते," म्हणाले. त्या दिवशी ते आले नसते तर आज हे लिहायला मी नसतो.

मग ती मार्चअखेरची दुपार. ऑफिसात फायलींचा ढीग, साहेब डोक्यावर, आणि काकांचा फोन. आपण होऊन त्यांनी कधी केला नव्हता. मला वाटलं, माझीच चौकशी करताहेत. ते तोंड उघडायच्या आत मीच पाढा म्हणून टाकला, "जेवलो काका. ऑफिसात आहे. बायको घरी आहे. तुम्ही काही काळजी करू नका."

मग म्हणाले, "बरं. बरं आहे. काम कर तू."

मी फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

गुरुवारी काका आले नाहीत. खुर्च्या कोपऱ्यात तशाच. शुक्रवारी त्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडलं आणि वास आला. तो कसला, हे मला कुणी सांगायला नको होतं. "काका, अहो, आधी मला एक फोन..." मी बोलून गेलो.

ते माझ्याकडे बघेनात. "आधीच केला होता रे," म्हणाले आणि दार हळूच लोटून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मग आम्ही सगळे पाळीपाळीनं गेलो. तेच तीन प्रश्न विचारले. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. पावसाळा सरायच्या आत गेले. त्या दिवशी असं काय झालं होतं, ते कुणालाच कळलं नाही. काही व्हावंच लागतं असंही नाही, हे आम्हा लोकांना चांगलं माहीत आहे.

आता खुर्च्या मी मांडतो. माझी सुटलेली आहे. परवा टाळ्या वाजल्या तेव्हा उठून बाहेर आलो, तर शाळेचा चौकीदार काकांची आठवण काढत बसला होता. म्हणाला, "मार्च में एक दिन दोपहर को आए थे बाबूजी. मैंने बोला, आज तो मीटिंग नहीं है. बोले, मालूम है. फिर फोन किया किसी को. फोन कट गया, तब भी गेट पकड़ के बड़ी देर खड़े रहे."

माझ्या ऑफिसातून ते गेट स्कूटरनं दहा मिनिटांवर आहे. काका, तुम्ही कुठे उभे आहात, एवढंच मला विचारायचं होतं.